अठरा लिटरची जागा

बालवाडीच्या प्रवेशासाठी एकूण चौदा अटी होत्या आणि त्यांपैकी तेरा स्वेन्याने मेर्लेच्या जन्माआधीच पुऱ्या केल्या होत्या.

ब्लॅक फॉरेस्टच्या पायथ्याच्या त्या गावात यात कोणाला काही वावगे वाटत नसे. पहिली सोनोग्राफी आणि बालवाडीचा अर्ज एकाच दिवशी उरकण्याची तिथे रीत होती. आता मेर्ले अडीच वर्षांची झाली होती. स्वेन्याची रजा ऑगस्टअखेर संपत होती. एक सप्टेंबरला सकाळी आठ वाजता ती ग्रंथालयाच्या खिडकीत बसलेली दिसली नाही, तर तिची जागा बदलीवर आलेल्या बाईला मिळणार होती. त्या बाईने आपला चहाचा कप आणि कपाखालची जाळीची चकती आधीच आणून ठेवली होती. स्वेन्याचा नवरा समुद्रातल्या पवनचक्क्या दुरुस्त करायचा आणि महिन्यातून दोनदा घरी येऊन झोपायचा. थोडक्यात, मेर्लेला बालवाडीत जागा मिळाली तर स्वेन्याला ग्रंथालयात जागा राहणार होती.

मार्चमध्ये चौदावी अट आली. जिवंत मातीच्या सहवासात वाढलेली मुले कमी शिंकतात, असे पालक समितीतल्या कोणीतरी कुठेतरी वाचले होते. समितीने एकमताने ठराव केला: ‘बालकाच्या निवासस्थानी किमान अठरा लिटर जिवंत माती असावी व बालकाचा तिच्याशी दैनंदिन संपर्क असावा.’ समितीच्या सातही सदस्यांच्या घरामागे बाग होती, त्यामुळे चर्चा लांबली नाही.

स्वेन्या चौथ्या मजल्यावर राहत होती. तिच्या बाल्कनीत एक खुर्ची मावे, किंवा खुर्चीवर बसणारा माणूस, दोन्हींपैकी एक. पण ती औषधाच्या खोक्यातला कागद दोन्ही बाजूंनी वाचून वर जपून ठेवणाऱ्यांपैकी होती. तिने नियमावलीची शेहेचाळीस पाने रंगीत पेन्सिल घेऊन वाचली. बाग नसणाऱ्यांसाठी ‘घरांतर्गत व्यवस्था’ होती. मात्र उघडी माती घरात ठेवायला इमारतीचे नियम आड येत होते, म्हणून ती झाडे वाढवायच्या बंद कापडी तंबूत ठेवायची. इमारत जुनी, लाकडी तक्तपोशीची, म्हणून सहा लिटरहून मोठी कुंडी ठेवायची तर इंजिनिअरचा दाखला लागणार. इंजिनिअरची तारीख पुढच्या फेब्रुवारीतली होती. राहता राहिल्या तीन कुंड्या, सहा-सहा लिटरच्या, आणि एक तंबू.

जास्तीचा एक तंबू खालच्या मजल्यावर मिळाला. तिथे गेर्नोट नावाचा निवृत्त पोस्टमन राहत असे. कायद्याने प्रत्येक प्रौढाला मुभा दिलेली तीन झाडे तो तंबूत दिव्याखाली वाढवायचा. झाडे गांजाची, हे जिन्यातल्या वासावरून टपाल आणणाऱ्यालाही कळायचे.

“बाजारची माती आणलीस?” पिशवीत नाक खुपसून गेर्नोट म्हणाला. “अगं पोरी, ही माती नव्हे. हे मातीचं प्रेत आहे. तेही परफ्यूम मारलेलं.”

“मग जिवंत कुठे मिळते?”

“मिळत नाही. करावी लागते. टब आहे का घरात?”

टबात एक वाटा पालापाचोळ्याचे कुजलेले खत, एक वाटा नारळाचा भुसा, एक वाटा ज्वालामुखीच्या दगडाची खडी, वर ओंजळभर गांडूळखत, अंड्यांच्या टरफलांची पूड आणि खाजकुयलीच्या पानांचा वास मारणारा काढा असे सगळे कालवून गेर्नोटने ते ओल्या पोत्याखाली झाकले. “आता पाच आठवडे मुरू दे. हलवायचं नाही.” पाच आठवडे मेर्लेची अंघोळ स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये झाली.

एप्रिलच्या शेवटी माती तीन कापडी कुंड्यांत भरली गेली. एकीत बेझिल, एकीत मिरची, एकीत पार्सली, बुडाशी तिपानी गवत, वर पेंढ्याचे पांघरूण.

“लक्षात ठेव,” गेर्नोट म्हणाला, “छोट्या कुंडीत जिवंत माती म्हणजे एका खोलीत अकरा माणसांचं कुटुंब. जरा तहान लागली की भांडण, जरा पाणी जास्त झालं की आजारपण. मोठ्या वाफ्यात चूक खपते, इथे नाही. रोज थोडं पावसाचं पाणी, महिन्याला वरून चमचाभर खत. आणि उकरायचं नाही. बोटसुद्धा नाही.”

“आणि मेर्ले?”

“मेर्लेला काय, तिलाही उकरायचं नाही.”

मे महिन्यात तपासणीला श्टुबेनराउख बाई आल्या. त्या मृदा व बालसंपर्क विभागाच्या प्रमुख होत्या, आणि विभागही त्याच होत्या. त्यांनी बूट काढले, तंबूची चेन उघडली, डोळे मिटून तीनदा वास घेतला आणि लिहिले, ‘वनगंध: समाधानकारक.’

“नाव?”

“स्वेन्या ब्रुग्मान.”

“तुमचं नव्हे हो. मातीचं.”

“मातीला... नाव नसतं ना.”

“नसून कसं चालेल बाई? ‘माती’ या नावाच्या अकरा संचिका आहेत माझ्याकडे. गोंधळ होतो.”

 मेर्लेने पुढे होऊन एकेका कुंडीकडे बोट दाखवले. “लोटे. पेपे. आणि ही ओमा.” पार्सलीची कुंडी जराशी एका बाजूला कललेली होती, म्हणून ती ओमा, म्हणजे आजी.

“पाहा, मुलांना कळतं,” श्टुबेनराउख बाई लिहिता लिहिता म्हणाल्या. “जन्मतारीख?”

“कालवली ती अठरा मार्चला.”

“ती गर्भधारणा. मुरली केव्हा?”

“बावीस एप्रिल.”

“गोवराची लस?”

स्वेन्याने असे तोंड केले की बाईंनी स्वतःच ‘लागू नाही (तूर्त)’ असे लिहिले. मग त्यांनी पुढचे पान वाचून दाखवले. माती सलग चाळीस दिवस अस्पर्श राहिली पाहिजे, तरच ती जिवंत म्हणून प्रमाणित होईल. आणि या चाळीसही दिवसांत बालकाचा तिच्याशी रोज संपर्क झाला पाहिजे.

“अहो, पण यात विरोध आहे,” स्वेन्या म्हणाली.

“छे. हे परिच्छेद सात आणि तो परिच्छेद नऊ. विरोध एकाच परिच्छेदात असला तरच धरतात.”

“म्हणजे तिने हात लावायचा की नाही?”

“ते पालकांनी ठरवायचं. आम्ही कुटुंबाच्या खासगी बाबतीत पडत नाही.”

बऱ्याच विनवण्यांनंतर ‘दृक्संपर्क’ मान्य झाला. रोज सकाळी वीस मिनिटे मेर्लेला तंबूसमोर छोट्या स्टुलावर बसवून माती दाखवण्यात येऊ लागली. ती आधी बघायची, मग स्टुलाला लाथा मारायची, मग बिस्किट मागायची. स्वेन्या वहीत वेळ लिहायची आणि खाली सही करायची. आर्द्रता, तापमान, पाण्याचे मिलिलिटर हेही ती लिहायची. मेर्लेचे वजन लिहायचे जूनमध्ये राहून गेले, पण पेपेच्या पानांचा व्यास एकदाही चुकला नाही.

अडतिसाव्या दिवशी स्वेन्या दारावरची बेल वाजली म्हणून उठली. परत आली तेव्हा तंबूची चेन उघडी होती आणि मेर्लेचे दोन्ही हात कोपरापर्यंत ओमात होते. तिच्या तळहातावर एक गांडूळ होते, आणि तिच्या चेहऱ्यावर जे काही होते ते स्वेन्याने वीस मिनिटांच्या स्टुलावर एकदाही पाहिले नव्हते.

“मातीला हात लावायचा नाही!” स्वेन्या ओरडली. “किती वेळा सांगितलं! हात धू आधी, हात!”

मेर्ले दचकून रडायला लागली. गांडूळ पडले. स्वेन्याने तिला कडेवर घेतले, सिंकपाशी नेले आणि नळ सोडून ती तशीच उभी राहिली. ही माती घरात कशासाठी आणली होती ते तिला त्या क्षणी लख्ख आठवले. मग तिने मेर्लेचे हात धुतले, कारण नळ सोडलेला होता.

संध्याकाळी ती नमुना क्रमांक एकवीस, ‘मृदाभंगाची स्वयंघोषणा’, भरत बसली.

“वेडी आहेस का?” गेर्नोट म्हणाला. “वरून पेंढा सारखा कर, झालं. तंबूच्या आत कोण बघायला येतंय?”

“कोणी बघत नसलं तरी वहीवर सही माझी आहे, गेर्नोट.”

“चाळीस वर्षं लोकांची पत्रं वाटली मी. स्वतःविरुद्ध पत्र पाठवणारी तूच पहिली.” थोडे थांबून तो म्हणाला, “नाही, दुसरी. पहिली माझी बायको होती. कचऱ्याच्या डब्यावरून.”

तीन आठवड्यांनी उत्तर आले. त्यात स्वेन्याच्या प्रामाणिकपणाचे कौतुक होते. पुढे म्हटले होते की, लोटे, पेपे व ओमा या जिवंत घटकांना त्यांच्या सध्याच्या घरात एका अज्ञान व्यक्तीपासून शारीरिक धोका असल्याचे पालकाच्याच लेखी निवेदनावरून सिद्ध होते. धोक्यातल्या प्रकरणांना प्रवेशात प्राधान्य असते. बालवाडीत एकच जागा रिकामी होती. अठरा लिटर म्हणजे एक पूर्ण जागा. सबब ती जागा तिघांना संयुक्तपणे देण्यात येत होती.

मेर्लेच्या अर्जाबद्दल तळाशी एक ओळ होती. माती स्थलांतरित झाल्याने चौदावी अट आता पूर्ण होत नाही, सबब अर्ज अपुरा समजण्यात येत आहे.

स्वेन्या पत्र घेऊन श्टुबेनराउख बाईंकडे धावली. “अहो, ही जागा माझ्या मुलीची होती!”

“तुमच्याच घरात राहिली ना? बाहेर कुठे गेली?”

“कुंड्या बालवाडीत काय करणार?”

“त्यांची तक्रार नाही,” बाई संचिका चाळत म्हणाल्या. “तुम्ही जागा नाकारू शकता. मग ती यादीतल्या पुढच्या कुटुंबाला जाईल. त्यांची साठ लिटर आहे, भोपळ्यासकट.”

स्वेन्याने जागा नाकारली नाही. एकदा हातातून गेली की गेली, हे तिला ठाऊक होते. ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी ती बाबागाडीत तिन्ही कुंड्या घालून निघाली. मेर्ले गाडीचा दांडा धरून चालत होती.

तिथल्या कुठल्याही बालवाडीत नव्या मुलाला एकदम सोडून जात नाहीत. आधी रुळवणी असते. चार आठवडे आईने कोपऱ्यात बसायचे, मग दहा मिनिटे बाहेर जायचे, मग अर्धा तास, आणि मूल रडते का ते बालवाडीच्या ताईंनी पाहायचे. नियमात कुंड्यांसाठी वेगळी तरतूद नव्हती, म्हणून हीच लागू झाली. स्वेन्या छोट्या खुर्चीत गुडघे पोटाशी घेऊन बसली. पाहुण्यांना आत परवानगी नसल्याने मेर्ले बाहेर व्हरांड्यात बसली आणि काचेतून आत बघू लागली.

“आज दहा मिनिटं जाऊन या,” ताई म्हणाल्या. “निरोप मात्र नीट घ्या. गुपचूप सटकायचं नाही. विश्वास तुटतो.”

स्वेन्याने निरोप घेतला. परतल्यावर ताईंनी तिला बाजूला बोलावले. “पेपे एकदम मोकळा आहे. लोटे तुम्ही गेल्यावर जरा मान टाकून होती, पण पाणी दिल्यावर सावरली. ओमाला वेळ लागेल. घरी काही झालंय का हो?”

दुसऱ्या आठवड्यात दारावर सूचना लागली: ‘पेपेला बारीक माश्या झाल्या आहेत. सर्व पालकांनी आपापल्या मुलांचे केस तपासावेत.’ पालकांनी तपासले. एका वडिलांनी तर पेपेच्या आईने घरी लक्ष द्यायला हवे असे स्वेन्याच्या तोंडावर सांगितले, आणि स्वेन्याने मान खाली घालून माफी मागितली.

ग्रंथालयाने जागेचा दाखला पाहून आनंद व्यक्त केला. मुलाची सोय झाल्यामुळे रजा वाढवण्याचे कारणच उरले नव्हते. सप्टेंबर आठ दिवसांवर आला. मेर्लेला ठेवायला कोणी नव्हते. गेर्नोट तयार होता, पण त्याच्या घरातला वास मुलीच्या कपड्यांना लागला तर नमुना क्रमांक तीस भरावा लागला असता.

अखेर शेवटच्या सोमवारी श्टुबेनराउख बाईंनीच तिला बोलावून घेतले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच मऊ होता.

“बाई, मी काही दगड नाही. मार्ग आहे. आधी दाखल झालेल्या मुलांच्या भावंडांना आम्ही रांगेशिवाय घेतो. चौदावी अटसुद्धा लागत नाही.”

“मेर्लेला भावंडं नाहीत.”

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिले. 

“तीन आहेत,” त्या म्हणाल्या. “एकाच पत्त्यावर नोंद आहे. एकाच पालकाची सही आहे. फक्त तसं लिहून द्या, की मेर्ले ही लोटे, पेपे आणि ओमा यांची सख्खी धाकटी बहीण आहे.”

“धाकटी? ती त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठी आहे!”

“जो आधी दाखल, तो मोठा.”

स्वेन्या हसायला लागली. ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आले आणि शेजारच्या खोलीतले लोक डोकावून गेले. श्टुबेनराउख बाईंनी फॉर्म तिच्याकडे वळवला. शेवटच्या रकान्यात लिहिले होते, ‘भावंडांशी संबंध कसे आहेत?’

स्वेन्याने पेन मागितले आणि लिहिले, ‘प्रेमाचे.’

एक सप्टेंबरला सकाळी आठ वाजता ती ग्रंथालयाच्या खिडकीत बसली होती. मेर्ले बालवाडीत होती, थोरल्या भावंडांपासून एक मीटर अंतरावर, कारण पूर्वीच्या त्या प्रकाराची नोंद तिच्या संचिकेत होती. तिचे हात दिवसभर स्वच्छ राहत, असे ताई कौतुकाने सांगत.

वाचताना तुम्हाला हसू आले असेल. स्वेन्यालाही आले होते, चांगले अर्धा मिनिट. त्यानंतर तिने जे केले ते आपण जन्मात केले नसते असे वाटत असेल, तर फक्त एवढे सांगा: तुमचे मूल कुठल्या शाळेत जाते, आणि त्याच्या प्रवेशअर्जावर घराचा पत्ता कोणाचा आहे?