संध्याकाळी सातची अमेरिका

मुलीच्या पहिल्या बाळंतपणासाठी अमेरिकेला जायचं ठरलं, तेव्हा मी एकच हट्ट धरला. माझा मिक्सर माझ्याबरोबर येणार. यात काही चूक होती असं मला अजूनही वाटत नाही. (चूक पुढे झाली.) मला इंग्रजी वाचता येतं, बोलता येत नाही. गाडी चालवता येत नाही. सिद्धीच्या घरी मी उपयोगी पडणार ती फक्त स्वयंपाकघरात, आणि स्वयंपाकघरात मी म्हणजे निम्मी मी आणि निम्मा तो मिक्सर. तो नसेल तर दोन महिने सोफ्यावर पाहुणीसारखं बसून राहायचं, आणि आठव्या महिन्यातल्या मुलीने मला विचारायचं, "आई, तुला काही हवंय का?"

सिद्धी फोनवर म्हणाली, "अगं, तिकडचा मिक्सर इथे चालत नाही. इथली वीज एकशेदहा व्होल्टची असते."

"होईल त्याला सवय," मी म्हटलं.

आमच्या ह्यांनी विमा कार्यालयात तीस वर्षं कारकुनी केली. विजेचं शिक्षण नाही, पण मतं आहेत. ते म्हणाले, यावर मशीन मिळतं. मग आम्ही बंगळूरच्या आमच्या बसवनगुडीहून बस धरून मार्केटात शिवाप्पांच्या दुकानात गेलो. शिवाप्पा मूळचे बेळगावकडचे, त्यामुळे मराठी चांगलं. त्यांनी एक लोखंडी डबा काढून समोर ठेवला. वजनाला वरवंटा.

"एकशेदहाचं दोनशेवीस करतंय. तिकडं भिंतीला हे, आणि ह्याला मिक्सर."

"चालवून दाखवा," मी म्हटलं.

"हितं लावू नगासा, अक्का. अमेरिकेला गेल्यावरच लावायचं."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. जन्मभर मी बल्ब घेतला तो काउंटरवरच्या होल्डरमध्ये पेटलेला बघून, नारळ घेतला तो कानाशी हलवून, माठ घेतला तो टिचकी मारून. आणि हा गृहस्थ म्हणतो, वस्तू उत्तम आहे, पण ते समुद्र ओलांडल्यावर कळेल.

"असं तर कोणीही सांगेल," हे माझ्या कानाशी पुटपुटले. "घेऊ. घरी ट्रायल करू."

घरी आल्यावर ह्यांनी चष्मा लावून डब्यावरची लाल अक्षरं वाचली. "इनपुट एकशेदहा लिहिलंय."

"आपल्याकडे किती असतं?"

"दोनशेतीस. म्हणजे जास्तच आहे."

मला बरं वाटलं. आपल्याकडून काही कमी पडायला नको. पण हे नियमाचे पक्के. थोडा वेळ येरझारा घालून म्हणाले, "संध्याकाळी सातला आपली ट्यूब लागत नाही. पंख्याची पाती मोजता येतात. म्हणजे तेव्हा वीज शंभर-एकशेदहाच असणार. संध्याकाळी सातला आपल्याकडे अमेरिकाच असते."

इतक्या वर्षांच्या संसारात मला त्यांचं म्हणणं इतकं पटल्याचं आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी आयुधपूजा होती. शिलाई मशीन, ह्यांची सायकल, मिक्सर आणि तो डबा, सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला. डब्याच्या चपट्या पिना आमच्या भिंतीत बसेनात (तोही एक इशाराच होता, पण इशारे मला नंतर कळतात), म्हणून शेजारच्या प्रेमाक्कांकडे मल्टिप्लग मागायला गेले.

"आज यंत्राला सुट्टी असते हो," प्रेमाक्का म्हणाल्या. "आज चालवायचं नाही."

"चालवत नाही. ट्रायल घेतोय."

सात वाजता ह्यांनी पायात रबरी चपला घातल्या, पाटावर उभे राहिले आणि बटण दाबायला हातात काठी घेतली. मी मिक्सरचं झाकण दोन्ही हातांनी दाबून धरलं. (रबरी चपलांचा घरात एकच जोड होता.) आत खोबरं, मिरच्या, डाळं. ट्यूब त्या दिवशी पहिल्याच झटक्यात लागली.

"शुभशकुन," हे म्हणाले.

आयुधपूजेमुळे झाडून सगळे कारखाने आणि वर्कशॉप बंद होते, आणि गावची उरलेली वीज आमच्या घरी आली होती, हे आम्हाला मागाहून समजलं.

ह्यांनी काठीने बटण दाबलं. डबा आधी घुमला. मग माझा मिक्सर, ज्याने चौदा वर्षांत कधी आवाज चढवला नव्हता, तो किंचाळला. झाकण माझ्या हातांसकट वर आलं. चटणी छतापर्यंत गेली आणि तिथेच राहिली. मग फट् असा आवाज, जळकट वास आणि अंधार.

अंधारात पाटावरून ह्यांचा आवाज आला. "चालतो." थोड्या वेळाने पुन्हा आला. "चालत होता."

सकाळी दोन्ही जिन्नस पिशवीत घालून शिवाप्पांकडे नेले. त्यांनी मिक्सर नुसता हुंगला. "कॉइल गेली." मग डबा उलटापालटा करून पाहिला. "अक्का, हितंच लावलासा काय?"

"छे," मी म्हटलं.

"मग ह्याच्यात खोबरं कुठलं?"

मी शेवटी मिक्सरशिवाय गेले. ह्यांनी मधल्या काळात जावयांना, म्हणजे अवधूतला, फोनवर सगळी हकिगत सांगितली होती, छतासकट. मला वाटत होतं, नुसती पाहुणी म्हणूनच चाललेय.

अवधूतने मला घर दाखवलं. फार सुरेख घर. प्रत्येक खोलीत, भिंतीतल्या प्रत्येक सॉकेटवर पांढरी प्लॅस्टिकची बुचं बसवलेली होती. मी एक नखाने ओढून पाहिलं, हललं नाही. माझे डोळे भरून आले. मूल अजून जन्मायचंय आणि बापाला किती काळजी.

"जावईबापू," मी म्हटलं, "बाळ रांगायला लागेपर्यंत वर्ष उलटेल. आत्तापासून कशाला एवढी धावपळ केलीत?"

अवधूतने सिद्धीकडे पाहिलं. सिद्धीने माझ्या हातातली पर्स घेऊन टेबलावर ठेवली.

"आई," ती म्हणाली, "पुढे बाळालाही उपयोगी पडतील."