ब्राझील सरांची लाल साडी

थांबा, बाकी सगळं राहू द्या, हे आधी ऐका. मला हे आत्ताच सांगायचंय. माझी बोटं अजून लाल आहेत, मोबाईलच्या काचेवर डाग पडतायत, आई ओरडतेय की आधी हात धू. पण धुतले तर सांगायचं राहून जाईल.

आमच्या अणदुरात कुणालाही विचारा, ब्राझील कुठंय? शेंबडं पोरगं पण सांगंल, "सरांच्या परसात, संडासाच्या मागं."

सर म्हणजे आमचे शेजारी. भूगोल शिकवायचे, आता रिटायर झालेत. त्यांच्या परसात पतंगाचं झाड आहे. उडवायचा पतंग नव्हे हो. काटेरी झाड असतं, चिंचेसारखी बारीक पानं, पिवळी फुलं. आतलं लाकूड उकळलं की लाल रंग निघतो. पूर्वी ह्या लाकडाची जहाजंच्या जहाजं भरून जायची म्हणे. रेशीम रंगवायला, सूत रंगवायला, शाईला, गुलालाला. गोरे लोक ह्या लाल लाकडाला ब्राझील म्हणायचे. मग ते समुद्रापार गेले, तिथल्या जंगलात ह्याच्याच जातीतलं झाड दिसलं, आणि त्या अख्ख्या मुलखाला त्यांनी लाकडाचंच नाव दिलं. हे खरंय, मी नेटवर बघितलं! पण सर सांगायचे असं, की जणू ब्राझीलवाले त्यांना विचारून गेलेत.

"आपल्या झाडाच्या भावकीवरनं देशाचं नाव पडलंय, हाय का कुठं?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दूधवाल्याला, बसमधल्या कंडक्टरला, खंडोबाच्या जत्रेत रेवड्या विकणाऱ्याला, कुणालाच सुट्टी नाही. फुटबॉलच्या वर्ल्डकपला ब्राझील हरलं की सरांच्या बायको, आमच्या काकू, शांतपणे सांगायच्या, "आज भाकरी कमी करते. आपलं झाड हरलंय."

माझ्या ताईला बघायला पाहुणे आले तेव्हाची तर कमाल. आम्ही पोहे देतोय, तेवढ्यात सर ट्रे घेऊन हजर. ग्लासात पतंगाच्या लाकडाचं गुलाबी पाणी. "घ्या, केरळात हेच पितात." पाहुण्यांनी ग्लास उचलले, तर सरांनी खिशातनं लिंबू काढून प्रत्येकाच्या ग्लासात पिळलं. गुलाबी पाणी क्षणात पिवळं! मुलाच्या आईनं ग्लास खाली ठेवला तो ठेवलाच.

"काय करणी-बिरणी हाय का काय हो?" त्या म्हणाल्या.

"केमिस्ट्री हाय ताई! चुना टाकू का? परत लाल हुतंय!"

ते स्थळ गेलं. सर महिनाभर आमच्याकडं चहाला आले नाहीत, लाजून.

आता गंमत ऐका. हे सगळे प्रयोग ते सोलापूरच्या काष्ठौषधीच्या दुकानातनं आणलेल्या ढलप्यांवर करायचे. स्वतःच्या झाडाला कधी हात लावला नाही. कारण रंग असतो गाभ्यात, आणि गाभा पाहिजे तर फांदी तोडायला लागते.

आणि खरं तर ते झाड लावलंच होतं काकूंच्या साडीसाठी. शाळेच्या सहलीला गेले तेव्हा सरांनी कोकणातनं रोप आणलं आणि काकूंना म्हणले, "तुला आपल्या घरच्या रंगाची साडी." उन्हाळ्यात प्यायला पाणी नसायचं, तरी काकू धुण्याचं पाणी वाचवून झाडाला घालायच्या. एक कोरी सुती साडी पण त्यांनी आणून पेटीत ठेवली. दरवर्षी दसऱ्याला विचारायच्या, "औंदा रंगवायची का?" सर झाडाच्या बुंध्याला थापटी मारायचे. "गाभा कच्चा हाय गं अजून. पुढच्या दसऱ्याला बघू."

मधल्या काळात काकूंना काचबिंदू झाला. आधी तांदळातले खडे दिसेनात. मग मी गेले की "कोण गं?" विचारायला लागल्या. डॉक्टर म्हणले, गेलेली नजर परत येत नसते. आता तर खिडकीचा उजेड तेवढा कळतो त्यांना.

काल सर आमच्या दारात आले. ना चहा, ना ब्राझील. पप्पांना म्हणले, "कुऱ्हाड घेऊन या जरा."

पप्पांनी जाड फांदी तोडली. वरचं लाकूड पांढरं, आत नारिंगी, आणि वाऱ्यानं बघता बघता लाल व्हायला लागलं. पप्पा सहज बोलून गेले, "सर, हे तर कवाच पिकलंय की ओ."

सरांनी ती फांदी उचलली आणि आत नेली.

आज सकाळपासनं मी त्यांच्याकडंच होते. ढलप्या उकळल्या, पेटीतली साडी तुरटीच्या पाण्यात भिजवली. सर मधनंमधनं ओरडायचे, "लोखंडाचं भांडं नगं! काळवंडतंय!" मग त्यांनी स्वतः तांब्याचं घंगाळ घासलं, त्यात रंग ओतला आणि साडी बुडवली. तुम्हाला सांगते, असा लाल मी आजवर बघितला नाही. साडी दोरीवर टाकली, आणि सर काकूंना हाताला धरून परसात घेऊन आले.

काकूंनी ओल्या पदरावरनं हात फिरवला. "कसला लाल आलाय हो?"

सर म्हणले, "तुझ्या लग्नातल्या शालूचा हुता न्हवं? तसलाच. सेम."

काकू हसल्या. "अहो, शालू हिरवा हुता माझा."

मला वाटलं आता कायतरी जुळवतील, चुना-लिंबू काढतील. नाही.

"नेसव गं मला," काकू मला म्हणाल्या.

"वाळू दे की काकू, पाणी गळतंय अजून."

"आनखी किती थांबू?"

मी नेसवली. ओलीच. निऱ्या हातात राहीनात, तर सर खाली फरशीवर बसले आणि दोन्ही हातांनी त्यांनी निऱ्या धरल्या. त्यांच्या पांढऱ्या पायजम्यावर लाल थेंब पडत होते. काकू विचारत होत्या, "नीट आल्या का निऱ्या?" सर मान हलवत होते. मान हलवलेली काकूंना कशी दिसणार? म्हणून मीच म्हणलं, "आल्या काकू, छान आल्या."

तुमच्याकडं झालंय का हो असं कधी? "थांबू अजून थोडं" म्हणत कुणासाठी काय ठेवून दिलेलं? ते वेळेवर दिलं गेलं का? खरं सांगा.