पुढच्या सीटवरचा रुमाल

पद्माक्का गाडी सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर टकटक करते आणि मोठ्यानं विचारते, "कोण हाय का आत? असंल तर भाईर या. मी निघाले." मग बाजूला उभी राहून उत्तराची वाट बघते. एखाद्याच्या दाराची कडी वाजवून आपण थांबतो ना, अगदी तेवढा वेळ.

कोणी बाहेर आलं नाही की गाडीखाली वाकून मुंग्यांची रांग नाही ना हे पाहते, आणि मगच आत बसते. पद्माक्का जैन. मुंगीलाही दुखवायचं नाही आणि दिवस मावळल्यावर काही खायचं नाही, हे तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. बॉनेट वाजवण्याची भर मात्र तिची स्वतःची. तासगावात लोक आधी तोंड लपवून हसायचे. एके दिवशी टकटकीनंतर आतून खरोखरच मांजराचं पिल्लू डोळे चोळत बाहेर आलं. तेव्हापासून हसायची कुणाची टाप नाही.

ती माझ्या आईची मैत्रीण. दोघी एकाच गावच्या, तासगावच्या कॉलेजला एकाच एसटीनं जायच्या. लग्न होऊन आई साताऱ्याला आली आणि पद्माक्का तासगावात बेदाण्याच्या व्यापाऱ्याच्या घरात पडली. पुढं यजमान गेले, मुलं पुण्याला लागली. गेल्या वर्षी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा हिला भेटायला यायचं होतं. "एसटीनं एकटी जायचं नाही," अशी मुलांची ताकीद. थोरला म्हणाला, शनिवारी नेतो. धाकटा म्हणाला, पुढच्या रविवारी नक्की. असं करता करता आईनं काठी टाकली तरी हिचं येणं झालंच नाही. बाईनं मुलांशी भांडण काढलं नाही. साठी उलटलेली असताना गुपचूप ड्रायव्हिंग स्कूलला नाव घातलं आणि एक जुनी तांबडी गाडी दारात आणून उभी केली. एसटीला घाबरणाऱ्या मुलांचं पुढं काय झालं असेल, ते ज्याचं त्यानं समजून घ्यावं.

तिच्या शेजारच्या सीटवर घडी घातलेला एक रुमाल असतो. तिथं ती कुणालाही बसू देत नाही. मी एकदा तासगावला गेलो असताना पुढचं दार उघडलं, तर म्हणाली, "तितं नगं. मागं बस."

"का गं आक्का?"

"जागा धरलीया."

"कुणासाठी?"

"येतंय माणूस."

माणूस काही आलं नाही. आम्ही बाजारात जाऊन आलो. मी मागं साहेबासारखा आणि ती पुढं एकटी. तिचा थोरला मुलगा म्हणतो की शेजारी बसून कुणी सूचना केलेल्या तिला खपत नाहीत, त्यासाठी हा बहाणा आहे. मलाही ते पटलं होतं.

तर ही पद्माक्का मार्चमध्ये एकटी गाडी घेऊन साताऱ्याला निघाली. एवढ्या लांबचा तिचा पहिलाच प्रवास. "सुमे, दुपारी जेवायला येती. दोघींची पानं शेजारी मांड," असा तिचा फोन आला. आईनं पहाटेपासून कांदा, लसूण, बटाटा स्वयंपाकघरातून हद्दपार केला. दोडक्याची भाजी, मुगाचं वरण, भाकरी. फिल्टरचं पाणी असतानाही तिनं ते पुन्हा फडक्यानं गाळलं.

पद्माक्का चालवताना फोनवर बोलत नाही. गाडी बाजूला घेते, उतरते आणि मग फोन लावते. त्यामुळे तिचा फोन आला म्हणजे ती थांबलेली आहे, हे आम्ही ओळखायला शिकलो.

पहिला फोन घराच्या दारातूनच आला. "आगं, गाडीखाली शेजारणीची कोंबडी अंडं घालाय बसलीया."

"मग हुसकून लाव की!" आई म्हणाली.

"बाळंतीण हाय ती. हुसकायची कशी?"

दुसरा फोन मलकापुरातून. हायवेचं काम चाललेलं आणि गाड्यांची ही मोठी रांग. पुढच्या एसटीत लग्नाचं वऱ्हाड अडकलेलं, त्यातली पोरं भुकेनं रडत होती. हिनं आपला दशम्यांचा डबा आणि आमच्यासाठी आणलेला बेदाणा सगळा वाटून टाकला. "पिशवीसकट दिला," तिनं खुशीत सांगितलं. "नवरदेवबी खाऊन गेला. लय गोड पोरगं."

"आगं, तुझ्यापुरतं तरी ठेवायचं!"

"मला कशाला? मी तुझ्याकडं जेवणार हाय."

तिसरा फोन उंब्रजहून. गाडी पंक्चर, स्टेपनीतही हवा नाही आणि पंक्चरवाला जेवायला गेलेला. तो आला तेव्हा फोन चालूच होता. मागून त्याचा वैतागलेला आवाज आम्हाला ऐकू आला, "आवं आक्का, चाक मागचं हाय. मी बॉनेट कशाला वाजवू?"

इकडे आईनं सकाळपासून चहाखेरीज काही घेतलं नव्हतं. तू तरी दोन घास खा, म्हटल्यावर माझ्यावरच उखडली. "ती उपाशी गाडी हाकतीया आन् मी जेवू व्हय? दिवस बुडला तर उद्या सकाळपतोर पाण्याचा घोटबी घ्यायची न्हाई ती. पयल्यांदा एकटी आली आन् माझ्या दारात उपाशी झोपायची?"

नंतर ती खिडकीतून हललीच नाही. साताऱ्याला पश्चिमेला डोंगर. ऊन आमच्या अंगणातून लवकर पळतं. तांबडी गाडी फाटकात आली तेव्हा सूर्य यवतेश्वरच्या डोंगराआड गेला होता. पद्माक्का उतरली, वर बघितलं आणि तिचा चेहरा पडला. "ऱ्हायलं, सुमे," एवढंच म्हणाली.

"कसलं ऱ्हायलं? डोंगराआड गेलाय, मावळला न्हाई अजून," आई म्हणाली आणि माझ्या हातात डबा कोंबला. "वर घाटात चला. तितनं दिसंल."

एवढ्या घाईतही पद्माक्कानं बॉनेट वाजवलंच. "कोण हाय का आत?"

"पद्मे, सूर्य चाललाय!"

"असू दे. कोण असलं तर?"

मी आईसाठी मागचं दार उघडून धरलं. आईनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. पुढचं दार उघडून तिनं सीटवरचा रुमाल उचलला, कमरेला खोचला आणि दुखऱ्या गुडघ्यासकट ऐसपैस बसली. पद्माक्कानं गाडी सुरू केली. मागच्या सीटवर डबा मांडीवर घेऊन बसलेल्या मला तेव्हा कुठं उमगलं. कॉलेजच्या एसटीत आधी चढणारी दुसरीसाठी रुमाल टाकून जागा धरायची, हे आई मला लहानपणापासून सांगत आली होती.

"लय उशीर केलास," थोड्या वेळानं पद्माक्का म्हणाली.

"तू आता आलीस आन् उशीर मी केला व्हय?"

"मी कवाधरनं जागा धरून बसलीया."

मी बाहीनं डोळे पुसले. बरं झालं, मी मागं होतो.

घाटाच्या वरच्या वळणावर सूर्य होता, चांगला वीतभर शिल्लक. बॉनेटवर डबा उघडला, एकाच ताटात दोघी जेवल्या. भाकरी जरा कडक झालीया, दोडक्यात मीठ कमी हाय, असं एकमेकींना ऐकवत, हसत, ठसका लागेपर्यंत हसत जेवल्या. शेवटचं पाणी पिऊन पद्माक्कानं तोंड पुसलं आणि मग दोघींनी मिळून सूर्याला जायची परवानगी दिली.

चार दिवस राहून ती परत निघाली. आईनं तिचा रुमाल धुऊन आपल्या कपाटात ठेवला होता. मी आठवण करून दिली तर म्हणाली, "गप्प बस." फाटकाशी गाडी उभी असताना आई हळूहळू पायऱ्या उतरली, पुढच्या खिडकीतून आत वाकली आणि कमरेचा स्वतःचा रुमाल काढून सीटवर टाकला.

पद्माक्कानं तो बघितला. मग खाली उतरून, नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ बॉनेट वाजवत राहिली.