तुळशीराम पेंटरांचा तलाव

आमच्या फाटकावर माझ्या वडिलांच्या नावापेक्षा तुळशीराम पेंटरांचं नाव मोठं आहे. ते आमचे शेजारी; फाटक त्यांनीच रंगवलं. वडिलांनी कुरकुर केली तेव्हा म्हणाले, "भाऊ, घर तुमचं हाय, रंग माहा हाय." दुकानाची पाटी असो की तुळशीवृंदावन, खाली 'तुळशीराम पेंटर, नागपूर' आलंच.

हा ठणठणीत माणूस दर गुरुवारी धंतोलीतल्या एका दवाखान्यात जाऊन बसतो. तिथल्या भिंतीवर त्यांनी काढलेलं भलंमोठं चित्र आहे. पहाटेचं धुकं, मागे डोंगर, मधे शांत तलाव. डोंगर विलायती कॅलेंडरावरून उचललेत, त्यामुळे त्यांवर बर्फ आहे. काठावर मात्र पळस फुललाय आणि पाण्यात शिंगाड्याचे वेल आहेत.

"काकाजी, विदर्भात बर्फ?" मी एकदा त्यांना विचारलं.

"पेशंटले गार वाटते गा!"

भिवापूरची एक बाई चित्र पाहून म्हणाली, "हा तं आमच्या गावचा तलाव!" काकाजी म्हणाले, "तुमचाच हाय, बाई." पारशिवनीच्या एका म्हाताऱ्यालाही त्यांनी तेच सांगितलं.

गेल्या गुरुवारी मी आईला तपासून घ्यायला तिथे नेलं होतं. डॉक्टरांनी जाहीर केलं की चित्र काढून तिथे टीव्ही लावायचा. एरवी कुणाला बोलू न देणारे काकाजी चित्राला पाठ लावून उभे राहिले.

तेवढ्यात भिवापूरची बाई उठली. "आमचा तलाव काहून काढून राहिले?"

"तुमचा कसा? आमचा हाय तो!" म्हातारा कडाडला. दोघांचं चांगलंच जुंपलं. अख्खी रांग भांडणात उतरली, तसे डॉक्टर हसले. "राहू द्या. पण पेंटरकाका, खाली तुमचं नाव तरी टाका."

मी चमकून पाहिलं. खरंच, नाव नव्हतं! काकाजींनी नकारार्थी मान हलवली.

बाहेर आल्यावर मी विचारलंच.

"सुमन आजारी होती तवा त्याच भिंतीसमोर बसे," ते म्हणाले. सुमन म्हणजे आमच्या काकू. "म्हणे, पेंटर ना तुम्ही? मंग माह्या समोरची भिंत कोरी काहून? म्हणून तिच्या गावचा तलाव काढाले घेतला. पण रंग वाळेपर्यंत थांबली नाही ते."

काकाजींनी मान ताठ केली.

"ते तिचं माहेर हाय गा. बायकोच्या माहेरावर जावई आपलं नाव टाकते का?"