वखारीतलं ओलं लाकूड

बळवंताच्या वखारीत लाकूड फोडायचं यंत्र येणार होतं, म्हणून नवशा सकाळीच नारळ आणायला गेला. नारळ फोडल्याशिवाय नवं हत्यार चालवायचं नाही, हा त्याचा नियम. यंत्र अजून घेतलेलं नव्हतं, नुसतं दाखवायला येत होतं. पण नवशा म्हणाला, "शेट, बघायला आला तरी पावनाच नं तो."

जव्हारहून मोखाड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून ही जळाऊ लाकडाची वखार होती. हॉटेलवाले, लग्नाचे आचारी आणि शिरपामाळ बघून परतताना थंडीत शेकोटीसाठी लाकूड घ्यायला थांबणारे पर्यटक, ही गिऱ्हाइकं. लाकूड फोडायचं काम नवशाचं. पण हल्ली त्याचा खांदा बोलायला लागला होता. कुऱ्हाड वर गेली की ती खाली येण्याआधी नवशाच खाली बसायचा. त्यामुळे यंत्राची खरी घाई त्यालाच होती.

यंत्र निवडणं मात्र सोपं नव्हतं. पहिलं पाहिलं ते विजेवरचं. ते दाखवायच्या दिवशी वीजच आली नाही. माणूस दुपारपर्यंत थांबला, समोरच्या पोशीच्या हॉटेलात वडे खाऊन परत गेला. दुसरं होतं गरगर फिरणाऱ्या मोठ्या स्क्रूचं. ते नवशानं नापास केलं. "ह्यात माझी लुंगी गुतली म्हंजे? लाकूड राहंल बाजूला, मीच फुटंन." आता नाशिकहून तिसरं येत होतं. पेट्रोलवर चालणारं. लाकूड आडवं ठेवायचं, दट्ट्या मागून रेटतो, समोर पोलादी पाचर. लाकडाला पळायला जागाच नाही.

वखारीच्या तोंडाशी चिंचेचा एक जाडजूड ओंडका होता. त्यावर गोणपाटाची घडी. बळवंताची बायको जानकी रोज त्यावर बसून गिऱ्हाईक करायची. तिला जाऊन वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून कोणी त्या ओंडक्याला हात लावला की बळवंत म्हणायचा, "ओलं आहे ते." लाकडाच्या धंद्यात एवढं बोललं की पुरतं. ओलं लाकूड कोणी नेत नाही आणि दुसरा प्रश्नही विचारत नाही. खरं कारण सांगायला गेलं की बळवंताचा आवाज बिघडायचा. त्यापेक्षा ओलं बरं.

यंत्रवाला ऋत्विक टेम्पोतून उतरला. तरतरीत पोरगा, शर्ट खोचलेला. यंत्र उतरवून झाल्यावर त्यानं वखारभर नजर फिरवली आणि ओंडक्यावर हात ठेवला. "काका, हा घेऊया का दाखवायला?"

"ओलं आहे ते," बळवंत सवयीनं म्हणाला.

ऋत्विकनं हात काढला. नवशानं यंत्राला कुंकू लावलं, नारळ फोडला. मग सुबाभळीचं लाकूड ठेवलं. इंजिन फटफटलं, दट्ट्या सरकला आणि लाकूड पापडासारखं मोडलं. रस्त्यावरची माणसं थांबली. नवशानं खांदा चोळत यंत्राकडे असं पाहिलं, जसं सासरा चांगल्या जावयाकडे पाहतो.

समोरच्या हॉटेलातून पोशी झारा हातात घेऊनच आली होती. तिची भट्टी याच वखारीच्या लाकडावर चालायची. ती म्हणाली, "सुकलेलं काय, माझी म्हस पण मोडंल. ओलं फोडून दाखव."

"मावशी, ओलं, गाठीचं, वाकडं, काहीही आणा," ऋत्विक म्हणाला. मग त्याचा चेहरा उजळला. "काका, तुमचं ते ओलं आहे ना! तेच आणा."

सगळ्यांनी ओंडक्याकडे पाहिलं. बळवंत घाईनं आडवा आला.

"ते नको," तो म्हणाला. "त्यात खिळे आहेत."

"असू द्या. आमची पाचर खिळ्यासकट फोडते."

"इंजिन बिघडेल तुझं."

"काका, गॅरंटी आहे."

बळवंताला काहीतरी मोठं सांगायला हवं होतं. तो म्हणाला, "त्याच्याखाली फुरसं आहे. काल मी बघितलं."

हे बोलायला नको होतं. जव्हारात साप आहे म्हटलं की माणसं लांब जात नाहीत, जवळ येतात. पोशीच्या हॉटेलातली गिऱ्हाइकं चहा टाकून आली. कोणी काठी आणली, कोणी बांबू. "शेट, तुमी लांब व्हा," म्हणत नवशानं पहार ओंडक्याखाली घातली. बळवंत "हळू, हळू" म्हणत राहिला. सगळ्यांना वाटलं, शेट सापाला घाबरलाय. चौघांनी मिळून जोर लावला. गोणपाट खाली पडला, ओंडका उलटला, उतारावरून गडगडत गेला आणि नेमका यंत्राला टेकून थांबला.

खाली एक बेडकी होती. एवढी माणसं बघून ती बावरली आणि उड्या मारत गेली.

"अरे वा, इथंच आला की!" ऋत्विक म्हणाला. "उचला रे."

"थांबा!" बळवंत ओरडला. "ते विकलंय. दुसऱ्याचं लाकूड असं फोडता येत नाही."

"कोणाला विकलं?"

समोर पोशी उभी होती. बळवंताच्या तोंडून निघून गेलं, "पोशीला."

तो डोळ्यांनी तिला खुणावत होता. पोशीनं त्याच्याकडे नीट पाहिलं, मग ओंडक्याकडे पाहिलं. झारा कमरेला लावला आणि ती म्हणाली, "हां, माझाच हाये. फोडूनच द्या."

बळवंताच्याच खोट्यांनी ओंडका जागचा हलवला होता, यंत्रापाशी नेला होता आणि वर मालकही मिळवून दिला होता. चौघांनी तो उचलून यंत्रावर ठेवला. इंजिन फटफटलं. बळवंतानं गोणपाट उचलून छातीशी धरला आणि डोळे मिटले.

दट्ट्या सरकला. पाचर लाकडात बोटभर गेली. मग इंजिनाचा आवाज जड झाला. यंत्र थरथरलं, काळा धूर आला. ऋत्विकनं जोर वाढवला, तसं यंत्राचं एक चाक जमिनीवरून उचललं गेलं. कोणीतरी म्हणालं, "ओंडका यंत्र फोडतोय रे!" आणि इंजिन बंद पडलं.

बळवंतानं एक डोळा उघडला. ओंडका अख्खा होता. पण पाचर त्यात अडकून बसली होती. ऋत्विकनं दांडा ओढला, लाथ मारली. काही हललं नाही. त्याचा खोचलेला शर्ट बाहेर आला.

"काका, टेम्पो रात्री परत द्यायचाय हो," तो रडवेला झाला.

"कुऱ्हाडीनं सोडवतो," नवशा म्हणाला आणि खांदा विसरून त्यानं कुऱ्हाड वर नेली.

"नवशा! ती तिथं बसायची!"

बळवंताचा आवाज असा फाटला की कुऱ्हाड वरच थांबली. नवशानं हळूच कुऱ्हाड खाली ठेवली. "म्हायती हाय शेट," तो म्हणाला. "पण तुमीच पोशीला विकला. मला वाटलं, आता तुमचं मन झालं."

बळवंत गोणपाट धरून उभा होता. मग पोशी पुढे आली.

"भाऊ, एक सांगू? रागवू नका. ती ह्या ओंडक्याला रोज शिव्या घालायची."

"कोण?"

"जानकी. आनखी कोण? ती गाठ बघा. नेमकी बसायच्या जागी. दुपारी माझ्याकडं यायची ती काय चहासाठी नाय. उभं राह्याला यायची. 'पोशे, माझी कंबर गेली गं,' म्हनायची."

"मला कधी बोलली नाही!"

"कशी बोलंल? शिरपामाळच्या वाटंला चिंच पडली, तुमी हा ओंडका गाडीत घालून आनला. 'राणीला सिंहासन' म्हनालात, सगळ्या बाजारासमोर. मंग तिनं गोणपाट टाकला."

"गोणपाट लाकूड मळू नये म्हणून होता."

"लाकूड मळतं का भाऊ?"

बळवंताचा सगळा जन्म लाकडात गेला होता. त्यानं हातातल्या गोणपाटाकडे पाहिलं. घडीवर घडी घातलेली होती, चांगली जाड, मधे थोडी खोलगट. त्याला हसू आलं. वर्षभरात आलं नव्हतं तसं, पोटातून. डोळ्यांतूनही पाणी येत होतं, पण ते त्यानं पुसलं नाही. आधी नवशा हसला, मग सगळी वखार हसली. ऋत्विक एकटा पाचरेजवळ उभा होता.

इंजिन गार झाल्यावर परत सुरू झालं. दट्ट्या मागे घेतला, नवशानं पहारेनं रेटा दिला आणि पाचर कुरकुरत सुटली. ओंडक्याला नुसती एक खाच पडली होती. चौघांनी तो उचलून पुन्हा जागेवर ठेवला.

ऋत्विक मुकाट्यानं यंत्र टेम्पोत चढवायला लागला.

"चढवतोस कशाला?" बळवंत म्हणाला. "राहू दे. घेतलं मी."

"पण काका, ते हरलं की."

"तिच्यापुढे मीही हरायचो. म्हणून मला काय कोणी टेम्पोत घातलं?"

नवशा लगेच यंत्राजवळ जाऊन उभा राहिला, कोणी मन बदलू नये म्हणून.

उन्हं उतरली तेव्हा शिरपामाळहून परतणारी एक गाडी थांबली. खिडकीतून एक बाई म्हणाली, "शेकोटीला तो जाडा ओंडका द्या ना."

बळवंताच्या तोंडात 'ओलं' आलंच होतं. ते त्यानं गिळलं.

"वाळलंय," तो म्हणाला. "पण देणार नाही. बायकोची जागा आहे."

आवाज बिघडला नाही. गाडी सुबाभळीची मोळी घेऊन गेली. बळवंतानं गोणपाट नीट अंथरला आणि पहिल्यांदाच त्या ओंडक्यावर बसला. थोडा डावीकडे सरकला. मग उजवीकडे. मग उठून रस्ता ओलांडून पोशीच्या हॉटेलात गेला.

पोशीनं चहाचा पेला दिला आणि बाकडं फडक्यानं पुसलं. "बसा नं भाऊ."

"नको," बळवंत कंबर चोळत म्हणाला. "उभाच बरा आहे."