शेलारांची गावची दाढ

जमिनीत पुरलेला माणूस तिथलाच होता की दुरून आलेला, हे त्याला न विचारता कसे ओळखावे, या प्रश्नाचे उत्तर मला शोधायचे होते. प्रश्न मूळचा माझा नव्हे. आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे दत्ताराम शेलार यांनी तो माझ्यावर सोपवला. मेलेल्यांकडे जायची सोय नसल्यामुळे ते स्वतः जिवंतांवर सराव करतात. नवे बिऱ्हाड आले, की आपण विचारतो, "गाव कुठलं तुमचं?" शेलार विचारतात, "दात कुठे आले?"

शेलार वागळे इस्टेटमधल्या रंगाच्या कारखान्यात माल तपासायचे. डब्याच्या बुडावरचा बॅच नंबर वाचून तो रंग कोणत्या पाळीत तयार झाला, हे सांगणे त्यांचे काम. निवृत्तीनंतर एकदा कल्याणच्या वाचनालयात प्राचीन दफनांवरचे व्याख्यान ऐकून ते आले, ते थेट माझ्या दारात.

"सर, माणसालापण बॅच नंबर असतो! दातात!"

मी शाळेत भूगोल शिकवत असे, म्हणून त्यांचा 'सर'. त्यांचे म्हणणे आधी नीट मांडतो. दाताचे बाहेरचे कवच लहानपणी घडते आणि पुढे बदलत नाही. खडकातून मातीत आणि पाण्यात, तिथून अन्नात, अशा मार्गाने स्ट्रॉन्शियम नावाचा धातू किंचित प्रमाणात आपल्या अंगात येतो आणि त्या मुलखातल्या खडकाची खूण दातात ठेवतो. हाडे मात्र जन्मभर हळूहळू नव्याने घडत राहतात. म्हणून दातातली खूण एका मुलखाची आणि पुरलेली जमीन दुसऱ्या मुलखाची निघाली, तर मधले अंतर त्या माणसाने तोडले, असा निष्कर्ष निघतो. इंग्लंडमध्ये प्राचीन शिळावर्तुळाजवळ पुरलेल्या एका माणसाचे बालपण, दातांवरून पाहता, आल्प्स पर्वताच्या बाजूला गेले असावे. नकाशा नाही, धर्मशाळा नाही, आणि मधे समुद्र!

"अन् आमचे चिरंजीव ठाण्याला जायचं तर ट्रॅफिक बघतात," ही शेलारांची त्यावरची टीप.

या ज्ञानाचा त्यांनी सार्वजनिक उपयोग सुरू केला. पुतण्यासाठी मुलगी पाहायला गेले असता चहा येण्यापूर्वीच त्यांनी विचारले, "मुलीचे दात कुठले?" मुलीचे वडील चपापले. म्हणाले, "अहो, सगळे तिचे स्वतःचेच आहेत!" लग्न जमले, पण शेलारांना आहेर हातात देताना व्याह्यांनी तोंड मिटलेलेच ठेवले.

सोसायटीच्या सभेत तर कहर झाला. भाडेकरू बाहेरचे आहेत, त्यांना गाडी लावायला जागा देऊ नये, असा ठराव अध्यक्षांनी मांडला. शेलार उभे राहिले.

"अध्यक्षमहाराज, तुमचे दात?"

"संगमेश्वर. त्याचा इथं काय संबंध?"

"आणि हे समोर बसलेले भाडेकरू, यांचा जन्म कल्याणचा, शाळा कल्याणची. दात शंभर टक्के लोकल. या हिशेबानं बाहेरचे तुम्ही. तुमची गाडी आधी काढा."

ठराव बारगळला. अध्यक्ष आजही शेलार दिसले की ओठ घट्ट आवळून पुढे जातात.

शेलारवहिनींना या सगळ्याचा ताप. "सर, परवा जेवताना काय सांगत होते माहितीय? इनामगावला म्हणे मेलेल्या माणसांचे पाय घोट्यापासून कापून घरातच पुरायचे. मेल्यावर कुठं निघून जाऊ नये म्हणून! मी पुरी वाढत होते हो." पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननातली ही गोष्ट खरी आहे, कारणाचा मात्र अभ्यासकांनी बांधलेला अंदाज आहे, एवढी दुरुस्ती मी केली. त्या दुरुस्तीने वहिनींचे समाधान झाले नाही.

मागच्या उन्हाळ्यात शेलारांचा उजवा गाल सुजला. खालची एक दाढ किडून आत पू झाला होता. ते पेजेवर दिवस काढत, पण दवाखान्याचे नाव काढू देत नसत. शेवटी वहिनींनी मला बोलावले आणि आम्ही दोघांनी त्यांना रिक्षात बसवले.

दातांची डॉक्टर स्नेहल ही जवळच्याच दिवा गावची मुलगी, बोलायला मोकळी. एक्स-रे पाहून ती म्हणाली, "काका, ही काढावीच लागेल. इन्फेक्शन पसरलंय."

"पाय काप. दाढ नको."

"ऑं?"

"इनामगावला पाय कापायचे. दात कुणी काढले नाहीत."

स्नेहलने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "ते प्राचीन काळाबद्दल बोलताहेत." ती समजुतीने म्हणाली, "अहो काका, एवढं काय? मागची अक्कलदाढ मस्त आहे तुमची. तिला हातही नाही लावत मी."

"ती पुनर्वसनातली आहे," शेलार म्हणाले. "ही गावची."

मी इतकी वर्षे त्यांच्या शेजारी राहिलो. जगाचे दात विचारणाऱ्या या माणसाला त्याचे स्वतःचे दात कुठले, हे मी कधी विचारले नव्हते. त्यांनी त्या खुर्चीत आडवे पडूनच सांगितले. गाव जावळीच्या डोंगरातले. धरणात गेले. ते सहा-सात वर्षांचे असताना ट्रकमध्ये भांडी आणि माणसे एकत्र भरून ठाणे जिल्ह्यात आणली. पहिली कायमची दाढ जन्मानंतरच्या दोन-तीन वर्षांत घडते, अक्कलदाढ बरीच नंतर. हे मी पुढे पडताळून पाहिले, ते बरोबर आहे. त्यांचे बाकीचे जुने दात आधीच गेले होते.

"हाडं तर केव्हाच इथली झाली, सर. माझ्यात गावचं आता एवढंच उरलंय."

स्नेहलने हातमोजे घातले. म्हणाली, "न फोडता काढते, काका. तुमच्या हातात देते." आणि तिने खरोखर फार सावकाश, अखंड काढली. धुऊन, कापसात ठेवून त्यांच्या हातावर दिली.

परतताना शेलार गालात बोळा धरून दाढ निरखत होते. बोळ्याआडून त्यांनी विचारले, "सर, प्रयोगशाळेत दिली, तर ही आमच्या गावची आहे असं ओळखतील ना?"

शिक्षकाने अशा वेळी गप्प राहावे की नाही, हे मला कोणी शिकवले नव्हते. मी सांगितले, "शेलार, तुमचं गाव काय आणि आपलं कल्याण-डोंबिवली काय, खाली खडक एकच. तोच काळा कातळ, लाव्ह्याचा. खाडीच्या खारेपणानं थोडा फरक पडेल कदाचित. पण खात्रीनं वेगळं काढता येईल, असं मला वाटत नाही."

रिक्षा मानपाडा रस्त्याला लागली. त्यांनी दाढ मुठीत मिटली. मला वाटले, आपण त्यांचे गाव दुसऱ्यांदा बुडवले.

"म्हणजे तिथलं पाणी आणि इथलं पाणी, दाताला एकच?"

"बहुतेक."

"आमची आई मरेपर्यंत म्हणायची, इथलं पाणी मला मानवत नाही." त्यांनी दाढ कापसात गुंडाळून खिशात ठेवली. "तिला हे कुणीतरी सांगायला हवं होतं, सर. जरा बरं वाटलं असतं तिला."

मी त्यांना जे सांगितले, ते माझ्या शालेय भूगोलाच्या आणि थोड्या वाचनाच्या आधारावर. आपल्या भागाचा भूस्तरांचा नकाशा पाहायला मिळतो. वाचकांनी तो स्वतः पाहावा, जाणकारांना विचारावे, आणि माझे चुकले असेल तर कृपया मला सांगावे.