लेखक : मी

मी एखाद्या कामाला 'दोन मिनिटांचं काम' म्हटलं की घरचे ते माझ्या हातून काढून घेतात. या वेळी कुणी घेतलं नाही, आणि तिथेच सगळं बिनसलं.

सासूबाई गेल्या, तेव्हा त्यांनी लिहिलेली एक कादंबरी मागे राहिली. "मी असेपर्यंत कुणी वाचायची नाही," असा त्यांचा दम होता. सासऱ्यांनीसुद्धा एक ओळ पाहिली नव्हती. आता त्यांची नजर झपाट्याने अधू होत चालली होती. बायकोने सगळी कादंबरी टाइप केली आणि म्हणाली, "अहो, ही ई-रीडरवर टाका. अक्षरं मोठी करून वाचतील बाबा, डोळे आहेत तोवर."

टाकली. (छाती फुगवून.)

आता ई-रीडर स्वतःच्या दुकानातल्या पुस्तकाचे जावयासारखे लाड करतो. मुखपृष्ठ काय, लेखकाचं नाव काय! बाहेरून आलेल्याला तो कोपऱ्यात करड्या चौकोनात बसवतो, आणि फाइलीत जे नाव असेल तेच चिकटवतो. फाइलला मी नाव दिलं होतं 'नवीन ३'. कॉम्प्युटर माझ्या नावावर, म्हणून लेखक मी!

हे मी पाहिलं नाही. सासऱ्यांनी पाहिलं.

"जावईबापू, हिची कादंबरी कधी येणार?"

"आली की, बाबा!"

"छे! तिथे तुमचंच ते 'नवीन' आहे. वाचलं थोडं. राग मानू नका, पण फार रटाळ हो. बाई खिडकीत उभी राहते ती हलतच नाही. तुम्ही आपलं ऑफिस सांभाळा."

बायकोने मला आत ओढलं. "आईच्या लिखाणाला रटाळ म्हटलं हे कळलं, तर बाबा स्वतःला कधी माफ करायचे नाहीत. तोंड उघडू नका!" तिने नाव बदललं, मुखपृष्ठावर आईचा फोटो लावला, माझं 'नवीन' पुसलं आणि कादंबरी पुन्हा टाकली.

संध्याकाळी सासऱ्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या.

"ही खिडकी आमच्या पहिल्या घरातली. मी कामावरून येईपर्यंत ही तिथे उभी असायची. मला कधी बोलली नाही हो!"

मलाही भरून आलं. मी त्यांचा हात हातात घेतला. त्यांनी चष्मा पुसला आणि माझ्याकडे रोखून पाहिलं.

"जावईबापू, सासूची खिडकी चोरलीत?"

मी बायकोकडे पाहिलं. ती छताकडे बघत होती.

"चुकलो, बाबा."

"चोरलीत ती चोरलीत," ते म्हणाले, "निदान तिच्यासारखी लिहायची तरी!"